सुपरमरीन २२४: वाफेने थंड होणारं इंजिन आणि एक फसलेलं लढाऊ विमान (प्रकरण अभ्यास)

प्रकरण थोडक्यात

१९३१ साली ब्रिटनच्या हवाई मंत्रालयाने नव्या लढाऊ विमानासाठी एफ.७/३० हे मागणीपत्र काढलं. साउथॅम्प्टनजवळच्या वूलस्टन इथल्या सुपरमरीन कंपनीने त्यावर टाइप २२४ हे एकच प्रायोगिक विमान बांधलं. त्याचा क्रमांक के२८९०. १९ फेब्रुवारी १९३४ रोजी ते पहिल्यांदा उडालं, स्पर्धा हरलं आणि १९३७ साली ऑरफर्डनेसच्या गोळीबार मैदानावर लक्ष्य म्हणून वापरलं गेलं. त्याच कंपनीच्या त्याच माणसांनी या पहिल्या उड्डाणानंतर दोनेक वर्षांत जे विमान उडवलं त्याचं नाव स्पिटफायर, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटनचं गाजलेलं लढाऊ विमान.

ही गोष्ट बहुतेक वेळा ‘अपयशातून यश’ या साच्यात सांगितली जाते. इथे प्रश्न वेगळा आहे: २२४ नेमकं कुठे फसलं, ते कधी कळलं, आणि ते दुरुस्त करायचं की सोडून द्यायचं हे कसं ठरलं?

पार्श्वभूमी

तेव्हाच्या रॉयल एअर फोर्सचं मुख्य लढाऊ विमान ब्रिस्टल बुलडॉग. दुपंखी, दोन मशीनगनचं, वेग ताशी १७४ मैल. बॉम्बर विमानांचा वेग त्याला गाठू लागला होता, म्हणून एफ.७/३० मध्ये उडी मोठी घेतली: १५,००० फुटांवर किमान १९५ मैल (सुमारे ३१४ किमी) वेग, चार व्हिकर्स मशीनगन, वैमानिकाला चौफेर दिसणं, दुतर्फा रेडिओ, आणि दिवसा-रात्री दोन्ही वेळा वापरता येणं.

या यादीतली शेवटची अट सगळ्यांत महागात पडली. रात्री, गवताच्या छोट्या मैदानावर, अपुऱ्या दिव्यांत उतरायचं म्हणजे उतरण्याचा वेग ताशी ६० मैलांच्या (९७ किमी) आसपास ठेवणं भाग. दुपंखी विमानाला हे अवघड नव्हतं. एकावर एक दोन पंख असल्यामुळे क्षेत्रफळ आपोआप मिळतं. एकपंखी विमानाला मात्र तेवढंच क्षेत्रफळ एकाच पंखात बसवावं लागतं. मागणीपत्रात ‘दुपंखी’ हा शब्द कुठे नव्हता, पण त्यातले आकडे दुपंखी विमानाचेच होते.

दुसरी गोष्ट इंजिनाची. रोल्स-रॉइसचं गॉशॉक हे वाफेने थंड होणारं इंजिन वापरावं, अशी मंत्रालयाची पसंती होती. सक्ती नव्हती. पण ज्याच्याकडून ऑर्डर मिळायची त्याची पसंती सक्तीपेक्षा फार वेगळी नसते, आणि बहुतेक स्पर्धकांनी गॉशॉकच धरलं.

सुपरमरीनची ख्याती तेव्हा शर्यतीच्या सी-प्लेनची. मुख्य अभियंता आर. जे. मिचेल यांच्या एस.६बी विमानाने सप्टेंबर १९३१ मध्ये ताशी ४०७ मैलांचा (६५५ किमी) जागतिक विक्रम केला होता. असल्या माणसांना १९५ मैलांचं लढाऊ विमान म्हणजे हातचा मळ, असं बाहेरून वाटणं साहजिक होतं. पण एस.६बीला उड्डाणासाठी आणि उतरण्यासाठी मैलोगणती मोकळं पाणी मिळत होतं, त्याचा पंख जेमतेम १३.५ चौरस मीटरचा होता आणि इंजिन दोन हजारांहून जास्त अश्वशक्तीचं. लढाऊ विमानाच्या वाट्याला यातलं काहीच नव्हतं. शर्यतीतून आलेलं एकच ज्ञान इथे थेट लागू पडत होतं: पंखाचा पत्राच रेडिएटर म्हणून वापरायचा. आणि नेमकं तेच अंगाशी आलं.

वाफेने थंड करणं म्हणजे काय

साध्या पद्धतीत पाणी इंजिनातून फिरतं, तापतं आणि रेडिएटरमध्ये थंड होतं. एक किलो पाण्याचं तापमान १० अंशांनी वाढलं तर ते सुमारे ४२ किलोजूल उष्णता वाहून नेतं. तेच एक किलो पाणी उकळून वाफ झालं तर सुमारे २,२५७ किलोजूल. म्हणजे पन्नासपटीहून जास्त.

ढोबळ हिशेब मांडू. ६०० अश्वशक्तीचं इंजिन पाण्यात साधारण २२५ किलोवॅट उष्णता टाकतं असं धरलं, तर साध्या पद्धतीत मिनिटाला ३२० लिटरच्या आसपास पाणी रेडिएटरमधून फिरवावं लागेल. वाफेच्या पद्धतीत मिनिटाला सुमारे ६ किलो वाफ थंड करून तिचं पाणी परत आणलं की काम झालं. बाहेर लोंबणारा, हवेला अडवणारा रेडिएटर जातो. वाफ पंखाच्या पुढच्या कडेतल्या पोकळीत सोडायची, पत्र्यावरून जाणारी थंड हवा तिचं पाणी करेल.

कागदावर याला तोड नव्हती. पण ६ किलो वाफ म्हणजे समुद्रसपाटीच्या दाबाला जवळपास १० घनमीटर. तेवढी वाफ दर मिनिटाला पंखात शिरणार, निवणार आणि पाणी होऊन परत इंजिनाकडे जाणार. यातला ‘परत जाणार’ हा भाग कागदावर फार सोपा दिसतो.

समस्या: एका निर्णयाने दुसरा ओढून आणला

मिचेल यांच्या गटाने एकपंखी, पंख खाली असलेली रचना निवडली. उतरण्याच्या वेगासाठी पंख मोठा लागला: विस्तार जवळपास १४ मीटर, क्षेत्रफळ २७.४ चौरस मीटर. एवढा लांब पंख बाहेरच्या तारांशिवाय ताठ राहायचा तर तो जाड हवा. जाडी असल्यामुळे कंडेन्सरला (वाफेचं पाणी करणाऱ्या पोकळीला) आत जागा मिळाली, पण हवेचा अवरोध वाढला.

चाकं आत घेण्याची यंत्रणा टाळली. चाकांचे दांडे आखूड ठेवण्यासाठी पंख आधी खाली आणि मग वर असा वाकवला, आणि दांडे पायजम्यासारख्या मोठ्या आवरणांत झाकले. मग त्या आवरणांतली जागा वाया का घालवायची? चारपैकी दोन मशीनगन तिथे बसवल्या, दोन धडाच्या बाजूंना. वाफेचं झालेलं पाणी गोळा करण्याच्या टाक्याही चाकांच्या आवरणांतच ठेवल्या, कारण पाणी उतारानेच वाहतं आणि विमानातली सगळ्यांत खालची जागा तीच.

यातला प्रत्येक निर्णय स्वतंत्रपणे पाहिला तर शहाणपणाचा आहे. पण एकत्र आल्यावर परिणाम असा झाला की गोळा झालेलं पाणी इंजिनाला पाणी पुरवणाऱ्या वरच्या टाकीपेक्षा बरंच खाली साचू लागलं. ते पंपाने वर चढवायचं. आणि हे पाणी नुकतंच वाफेतून उतरलेलं, म्हणजे उकळण्याच्या उंबरठ्यावरचं.

पंप पाणी ओढतो म्हणजे त्याच्या तोंडाशी दाब कमी होतो. उकळत्या बिंदूला टेकलेल्या पाण्यावरचा दाब थोडा जरी घटला तरी ते तिथेच वाफ होतं. कुकरची वाफ घाईने सोडली की आतलं वरण उसळून वर येतं, तसाच हा प्रकार. पंपाच्या पात्यांत वाफेचे बुडबुडे भरतात, पाणी पुढे सरकत नाही आणि पंप नुसता फिरत राहतो.

चढताना तर सगळंच विरोधात जातं. इंजिन पूर्ण जोरावर असतं, म्हणजे वाफ जास्तीत जास्त. विमानाचा वेग कमी असतो, म्हणजे पंखावरून जाणारी हवा कमी. आणि उंची वाढते तसा बाहेरचा दाब घटतो. १५,००० फुटांवर मोकळं पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं. खाली ९० अंशांना शांत असलेलं पाणी वर गेल्यावर आपोआप उकळू पाहतं. लढाऊ विमान ज्या कामासाठी बनवायचं, म्हणजे झपाट्याने चढून शत्रूला गाठणं, नेमकं तेव्हाच ही यंत्रणा हात टेकायची.

प्रत्यक्ष उड्डाणात असं व्हायचं: वाफ कंडेन्सरच्या आवाक्याबाहेर जायची, दाब वाढायचा, पंप कोरडे पडायचे, वरच्या टाकीतली पातळी उतरायची, वैमानिकासमोर तांबडे दिवे लागायचे आणि पंखांच्या टोकाच्या व्हॉल्व्हमधून वाफ बाहेर पडायची. मग चढण सोडून विमान सरळ करायचं, इंजिनाचा जोर कमी करायचा, यंत्रणा निवू द्यायची आणि पुन्हा चढायला लागायचं. १५,००० फूट गाठायला साडेनऊ मिनिटं लागली. सर्वाधिक वेग भरला ताशी २२८ मैल (३६७ किमी).

हा वेग मागणीपत्रातल्या १९५ पेक्षा ३३ मैलांनी जास्त आहे, हे विसरून चालणार नाही. वेगाच्या अटीत २२४ नापास झालंच नव्हतं. पण मागणीपत्र १९३१ चं आणि चाचणी १९३४ ची. दरम्यान सगळ्यांच्या अपेक्षा पुढे सरकल्या होत्या. ग्लॉस्टरने स्वतःच्या खर्चाने बांधलेलं एसएस.३७ हे दुपंखी विमान, हवेने थंड होणारं ब्रिस्टल मर्क्युरी इंजिन लावून, २४२ मैलांपर्यंत पोचलं. त्याला ना कंडेन्सर, ना पंप, ना पाणी. जुन्या घाटाचं विमान नव्या घाटाच्या विमानापेक्षा वेगवान ठरलं, हे सुपरमरीनला सगळ्यांत जास्त झोंबलं असणार.

गॉशॉक घेतलेल्या इतरांचीही गत बरी नव्हती. वेस्टलँडचं विमान उडालं, पण १९५ चा आकडाही गाठू शकलं नाही. ब्लॅकबर्नचं जमिनीवर धावण्याच्या चाचण्यांतच अडकलं, कधी उडालंच नाही.

खापर कुणाच्या माथी

२२४ च्या अपयशाचं खापर सहसा वाफेच्या यंत्रणेवर फोडलं जातं. ते अर्धंच खरं आहे. वाफेने चढण बिघडवली. वेग बिघडवला तो पंख आणि चाकांनी.

पडताळा सोपा आहे. अवरोध तोच ठेवून वेग वाढवायचा तर लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २२४ मध्ये ६०० ऐवजी १,००० अश्वशक्तीचं, अजिबात न तापणारं इंजिन बसवलं असतं, तर वेग १.१९ पट झाला असता, म्हणजे ताशी २७० मैलांच्या आसपास. त्याच सुमाराच्या शक्तीवर पहिल्या स्पिटफायरने १९३६ मध्ये ३४९ मैल (५६२ किमी) गाठले. मधले जवळपास ८० मैल मुख्यतः विमानाच्या आकाराचे आहेत. म्हणूनच ‘चांगलं इंजिन मिळालं आणि काम झालं’ हे स्पष्टीकरण पुरत नाही.

पर्याय काय होते

१९३४ च्या वसंतात सुपरमरीनपुढे तीन वाटा होत्या.

पहिली, थंडाव्याची यंत्रणा सुधारायची: पंप बदलायचे, टाक्या हलवायच्या, पंपाच्या तोंडाशी पाण्याचा दाब वाढवायचा. कमी खर्चाचं काम. पण वरचा हिशेब पाहिला तर यातून चढण सुधारली असती, वेग तिथेच राहिला असता.

दुसरी, धड तेच ठेवून पंख नवा, सरळ आणि लहान करायचा आणि चाकं आत घ्यायची. जुलै १९३४ मध्ये कंपनीने याच धर्तीचा प्रस्ताव टाइप ३०० या नावाने मंत्रालयाकडे पाठवला. इंजिन गॉशॉकच. मंत्रालयाने तो घेतला नाही. हा नकार कंपनीला तेव्हा कडू लागला असेल, पण तो मंजूर झाला असता तर एक बरं, मध्यम विमान तयार झालं असतं आणि नव्या विमानाची गरजच तेवढी निकडीची उरली नसती.

तिसरी वाट कोऱ्या कागदावर सुरुवात करण्याची. रोल्स-रॉइस तेव्हा २७ लिटरचं पीव्ही-१२ हे इंजिन स्वखर्चाने विकसित करत होती; ऑक्टोबर १९३३ मध्ये ते पहिल्यांदा चाललं होतं. पुढे त्याचंच नाव मर्लिन झालं. मोठं, जड, अजून न सिद्ध झालेलं इंजिन, आणि त्याच्याभोवती नवं विमान. सरकारी पैसा नाही.

निर्णय आणि कृती

सुपरमरीनची मालक कंपनी होती व्हिकर्स. तिच्या विमान विभागाचे प्रमुख सर रॉबर्ट मॅक्लीन यांनी नोव्हेंबर १९३४ मध्ये पीव्ही-१२ घेऊन टाइप ३०० चं काम कंपनीच्या पैशाने सुरू करायला मंजुरी दिली. मंत्रालयाने फार वेळ लावला नाही: १ डिसेंबरला १०,००० पौंडांचं कंत्राट दिलं आणि जानेवारी १९३५ मध्ये एफ.३७/३४ हे मागणीपत्र काढलं. ते कंपनीच्या आराखड्यावरूनच लिहिलेलं होतं. विमान आधी आणि मागणी नंतर असा हा उलटा क्रम. एफ.७/३० मध्ये झालेल्या चुकीची मंत्रालयाने दिलेली ही सर्वांत मोठी कबुली, जरी तसं कुणी कागदावर लिहिलं नाही.

आराखड्यात बदल असे झाले. पंख पातळ केला, मुळाशी जाडी रुंदीच्या १३ टक्के. पातळ पंखात चाकं आणि मशीनगन मावायच्या तर मुळाजवळ पंख लांबवर रुंद राहायला हवा आणि टोकाकडे झपाट्याने निमुळता व्हायला हवा. वायुगतिकी पाहणारे बेव्हर्ली शेनस्टोन यांनी लंबवर्तुळाकार घाट धरला. क्षेत्रफळ २७.४ वरून २२.५ चौरस मीटर झालं, तर वजन मात्र २,१५० किलोंवरून सुमारे २,४३० किलोंवर गेलं. म्हणजे पंखाच्या दर चौरस मीटरवरचा भार ७८ वरून १०८ किलो. उतरण्याचा वेग आवरायला पंखाखाली दुभागी फ्लॅप (उतरताना खाली झुकणाऱ्या झडपा) आले. ६० मैलांच्या अटीने २२४ ला ज्या जाड पंखात कोंडलं होतं, त्यातून सुटका अशी झाली.

थंडाव्याचं काय? गंमत म्हणजे टाइप ३०० मध्येही सुरुवातीला वाफेचीच यंत्रणा धरली होती. दोन गोष्टींनी ती हटवली. एक, इथिलीन ग्लायकॉल. हे द्रव १९७ अंशांना उकळतं, त्यामुळे न उकळता पाण्यापेक्षा बरंच जास्त तापू शकतं आणि रेडिएटर लहान पुरतो. दोन, फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमधले एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांचं संशोधन: रेडिएटर नीट आकाराच्या नळीत बसवला तर तापलेली हवा मागून वेगाने बाहेर पडते आणि रेडिएटरचा बराचसा अवरोध भरून निघतो. ज्या रेडिएटरला टाळण्यासाठी वाफेचा एवढा खटाटोप केला, तो परत आला आणि स्वस्तात पडला.

एक गोष्ट मात्र २२४ मधून जशीच्या तशी पुढे आली. कंडेन्सरसाठी पंखाची पुढची कड जाड पत्र्याने मढवून बंद पेटीसारखी केली होती आणि तिच्यामागे एकच मुख्य स्पार (पंखाचा लांबीभर जाणारा कणा) होता. वाफ गेली तरी ही पेटी ठेवली, कारण पंखाला पिळवटण्यापासून तीच वाचवत होती. पुढे टेहळणीच्या फोटोंसाठी बनवलेल्या स्पिटफायरमध्ये त्याच पोकळीत पेट्रोल भरलं गेलं.

निकाल

एफ.७/३० ची स्पर्धा ग्लॉस्टरने जिंकली. ग्लॅडिएटर या नावाने ते विमान १९३७ च्या सुरुवातीला स्क्वाड्रनमध्ये आलं. मागणीपत्र निघाल्यापासून पाच वर्षांहून जास्त काळाने. तोवर ५ मार्च १९३६ रोजी ईस्टले विमानतळावरून टाइप ३०० चं पहिलं विमान, के५०५४, उडूनही गेलं होतं. वैमानिक तेच, जोसेफ समर्स, ज्यांनी २२४ उडवलं होतं. ३ जून १९३६ रोजी ३१० विमानांची ऑर्डर निघाली. ‘स्पिटफायर’ हे नाव आधी २२४ साठी सुचवलं गेलं होतं. विमानासोबत नाव टाकून दिलं नाही, एवढं बरं झालं.

गॉशॉक इंजिनं सगळी मिळून वीसेक बनली. वाफेची कल्पना मात्र मेली नाही. जर्मनीत हाइनकेलच्या हे १०० ने ती नेटाने चालवली: पंखांत आणि शेपटीत विखुरलेले २२ छोटे विजेचे पंप. मार्च १९३९ मध्ये त्याने ताशी ७४६ किमीचा विक्रम केला. विक्रमाला ते ठीक होतं. लढाईत अख्खा पंख रेडिएटर असेल, तर पंखाला कुठेही लागलेली गोळी इंजिनाला लागल्यासारखीच.

वेगळं काय करता आलं असतं

मंत्रालयाने किती मिनिटांत किती उंची हवी एवढंच मागायला हवं होतं. ती कोणत्या इंजिनाने गाठायची, हे आराखडा करणाऱ्यावर सोडायचं. इंजिनाची पसंती दाखवल्यामुळे अनेक कंपन्यांनी एकाच न सिद्ध झालेल्या यंत्रणेवर पैसे लावले आणि तीच ठेच खाल्ली.

उतरण्याच्या वेगाच्या अटीवर सुपरमरीनने १९३२ मध्येच वाद घालायला हवा होता. मोठा पंख की फ्लॅप, हा प्रश्न आराखड्याच्या टेबलावर सुटण्यासारखा होता.

पण सगळ्यांत टाळता येण्याजोगी चूक चाचणीची होती. वाफेची यंत्रणा आधी दुपंखी विमानांवर उडवून पाहिली गेली होती आणि तिथे कंडेन्सर वरच्या पंखात बसायचे. पाणी इंजिनापेक्षा उंचावर तयार व्हायचं आणि गुरुत्वाने खाली यायचं. पंपाचा खरा कस तिथे लागलाच नाही. खालच्या पंखात तीच यंत्रणा नेल्यावर उतार उलटा झाला, आणि एवढा एक फरक जमिनीवरच तपासता आला असता: पंखाची एक बाजू, एक पंप, ठरलेल्या उंचीवर वरची टाकी, चढणीच्या कोनात तिरकी ठेवलेली मांडणी आणि व्हॅक्यूम पंपाने १५,००० फुटांइतका उतरवलेला दाब. पंप कोरडा पडताना त्यातच दिसला असता, पंखाचा पत्रा कापण्याआधी.